विश्लेषण : सहा नांगर विकायला दोन वर्षे… लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगातले लोकहित नेमके कशात होते?

नफा कमावून झाल्यावर त्यातला वाटा समाजाला देणे म्हणजे लोकहित, की मुळात धंदाच लोकांच्या उपयोगाचा निवडणे? लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आयुष्य दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवते. त्या उत्तराच्या मर्यादाही त्यातच दिसतात.

हा प्रश्न आज का महत्त्वाचा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. त्यामुळे उद्योगांचे सामाजिक दायित्व म्हणजे नफ्यानंतरचा खर्च, असे समीकरण रूढ झाले. कंपनी काय बनवते, कोणासाठी बनवते आणि कामगारांना कसे वागवते, हे प्रश्न या हिशेबाबाहेर राहतात.

लक्ष्मणराव या क्षेत्रात कसे आले?

२० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. मात्र रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे अपेक्षित बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला.

नांगरच का?

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. काळ्या रानात खोल मुळे धरलेली हरळी आणि कुंदा त्याने निघत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो. असे नांगर इंग्लंडहून येत होते. लक्ष्मणरावांनी ते इथेच ओतायचे ठरवले. गिऱ्हाईक होते कर्ज काढून पेरणी करणारे शेतकरी. नांगराने पीक वाढले तरच पुढचा नांगर खपणार होता. म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदा हीच धंद्याची अट होती.

शेतकऱ्यांचा विरोध कशामुळे?

लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज पसरला होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. पण सगळा दोष अंधश्रद्धेचा नव्हता. देशी नांगराचा फाळ इंग्रजी फाळाइतका कठीण नव्हता, हीही अडचण होती. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून विषय संपवला नाही. फाळ विलायती मालाच्या तोडीचा होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगावात नव्या वस्तीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या, सापांचा वावर असलेल्या त्या माळरानावर वसाहत सुरू झाली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे. कामगारांची घरे, पाणी आणि शाळा कारखान्याबरोबरच आली. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक होता. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही रखवालदार म्हणून कामावर घेतले गेले.

पहिल्या महायुद्धात काय झाले?

लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि भट्टी चालू राहिली. तोफांचे नांगर झाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या या पत्रातूनच पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतले वजनदार मासिक घडले.

या प्रारूपाच्या मर्यादा कोणत्या?

नोकरी, घर आणि शाळा एकाच मालकाकडून मिळत असेल, तर कामगाराचे सारे आयुष्य त्या मालकाच्या मर्जीशी बांधले जाते. मालक भला असेपर्यंत ते खटकत नाही. भलेपणा मात्र हक्क म्हणून मागता येत नाही. त्यासाठी कारखाना कायदा १९४८ आणि भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ यांसारखे कायदे व्हावे लागले. शिवाय भोवतालच्या समाजातील तणावापासून वसाहत सुरक्षित नव्हती. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. तो पुन्हा उभारावा लागला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

मग आज यातून काय घ्यावे?

दोन टक्क्यांचा कायदा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मालकाच्या सदिच्छेवर सगळे सोडता येत नाही, हे किर्लोस्करवाडीच्या मर्यादांवरूनच दिसते. पण उरलेल्या ९८ टक्क्यांचा हिशेबही विचारायला हवा. तो नफा गिऱ्हाइकाची मिळकत वाढवून आला की त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन, याचे उत्तर सामाजिक खर्चाच्या अहवालात सापडत नाही. ते मालात आणि कामगाराच्या राहणीत शोधावे लागते.