योसेफाची तेरा वर्षे

हनुक्काच्या सुमारास शाब्बाथला सिनेगॉगमध्ये आपण योसेफाची कथा ऐकतो. बापाने दिलेला झगा सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हांला मात्र त्याच्या हालांची तेरा वर्षे अधिक मोलाची वाटतात.

योसेफ १७ वर्षांचा असताना भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकले व चांदीच्या २० तुकड्यांना विकले. मिसर देशात पोटीफराच्या घरी तो इमानाने राबला, पण मालकिणीने खोटा आळ घेतल्यामुळे तुरुंगात पडला. तेथे एके सकाळी फारोचा प्यालेबरदार व आचारी यांचे उतरलेले चेहरे पाहून त्याने आपणहून विचारपूस केली आणि त्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगितला. प्यालेबरदार सुटला व त्याला विसरला. दोन वर्षांनी फारोला स्वप्ने पडली, तेव्हा त्याला योसेफाची आठवण झाली. ३० व्या वर्षी योसेफ मिसरचा अधिकारी झाला. पुढे दुष्काळात त्याच भावांना त्याने पोसले. तो ११० वर्षे जगला. त्याच्या अस्थी शखेम येथे पुरल्या.

स्वतः बंदीत असताना त्याने दुसऱ्याचे दुःख विचारले, आणि त्याच्या सुटकेची वाट तेथूनच निघाली. आपल्या तरुण मुलामुलींनी कठीण दिवसांत एवढे ध्यानात ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.