धानाची हजारो बियाणी जमवणारे डॉ. रिछारिया

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या बांध्यांमधून जुनी धानं एकेक करून गेली. लुचई, दुबराज, चिन्नोर ही नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, ढोलीत क्वचितच. पण शेजारच्या छत्तीसगडात अशी हजारो बियाणी आजही जपून ठेवलेली आहेत. ती जमवली डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया यांनी.

जन्म १९०९ चा, होशंगाबाद जिल्ह्यातला. तो जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि आपला भंडाराही त्याच प्रांतात. केंब्रिजला पीएच.डी. करून ते परत आले आणि १९५९ ला कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले.

खटका उडाला तो पुढच्या काही वर्षांत. तैवानचं ताईचुंग नेटिव्ह १ आणि फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं आयआर ८ अशी बुटकी वाणं देशात यायला लागली. खत पचवणारी, न लोळणारी, उत्पन्न भरपूर. मात्र दोन्हींचा बुटकेपणा एकाच चिनी वाणातून आलेला. सगळ्या बांध्यांत एकाच रक्ताचं धान उभं राहिलं की एक रोग सगळं साफ करतो. ताईचुंग तर करप्याला फारच लवकर बळी पडायचं. रोगाची तपासणी केल्याशिवाय बाहेरचं बी आणू नका, असं रिछारियांचं म्हणणं होतं. देशी वाणांतूनही उत्पन्न वाढतं, हेही ते सांगत राहिले. दिल्लीला ते पटलं नाही आणि त्यांना सक्तीने निवृत्त केलं. ते ओडिशा उच्च न्यायालयात गेले, तीन वर्षं लढले आणि जिंकले. तोवर घरची ओढाताण व्हायची ती झालीच.

मग मध्य प्रदेश सरकारने त्यांना बोलावलं आणि रायपूरला भात संशोधन संस्था सुरू झाली. वर्षाला अवघे २० हजार रुपये आणि हाताखाली दोन कृषी सहायक. एवढ्यावर ते छत्तीसगड, बस्तरच्या पाड्यांवर फिरले आणि सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. प्रत्येकाची नोंद केली: किती दिवसांत निसवतं, दाणा लांब की ठोकळ, सुवास आहे का, भात मोकळा होतो की चिकट, पोहे-मुरमुऱ्याला चालतं का. जांभळ्या पानांचंही धान त्यात होतं. कर्गा म्हणजे रानधान निंदताना ओळखू यावं म्हणून शेतकरी ते लावत. कोरडवाहूचं, खोल पाण्यातलं, हलकं, भारी, सगळंच त्यात होतं. काही देशी वाणं उत्पन्नातही बुटक्यांच्या जवळ जात होती.

रोवणी करणाऱ्याला सहज समजेल अशी एक पद्धतही त्यांनी सांगितली. एका रोपाचे फुटवे वेगळे करून पुन्हा लावायचे, त्यांना फुटवे आले की परत तेच. थोड्या बियात बांधी भरते आणि चांगल्या झाडाचा गुण तसाच राहतो.

फिलिपीन्सच्या संस्थेला हे नमुने हवे होते. त्यांचा अभ्यास अजून झालेला नाही, म्हणून रिछारियांनी दिले नाहीत. पुढे जागतिक बँकेच्या पैशाचा प्रकल्प कृषी विद्यापीठाला मिळाला. एकच काम दोन ठिकाणी नको, असं कारण काढून रायपूरची संस्था बंद केली आणि बियाणं विद्यापीठाकडे गेलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून त्याचंच काम काढून घेतलं, दुसरं काय म्हणायचं! १९८६ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी इंग्रजी साप्ताहिकात हे सगळं छापलं, तेव्हा देशाला कळलं.

१९९६ ला रिछारिया गेले. सहा वर्षांनी, २००२ मध्ये रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा सिंजेंटा या स्विस कंपनीशी करार होत असल्याची बातमी फुटली. याच बियाण्यांचा कंपनीला उपयोग करता येणार होता. छत्तीसगडचे शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि कंपनीने माघार घेतली.

नमुने आजही त्याच विद्यापीठात आहेत. बी नुसतं डब्यात ठेवून जगत नाही, ठराविक वर्षांनी पेरून ते नवं करावं लागतं. गोंदियाहून रायपूर रेल्वेने काही तासांवर आहे.