गानतपस्विनी हिराबाई बडोदेकर

मंडळाच्या कार्यक्रमात पेटीच्या साथीने एखादे पद म्हणताना आज आपल्या वारज्यातील भगिनींना संकोच वाटत नाही. ही मोकळीक मात्र आपोआप मिळालेली नाही. ती ज्यांनी मिळवून दिली, त्यांत हिराबाई बडोदेकर यांचे नाव अग्रभागी आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरज येथे झाला. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील व ताराबाई माने या मातोश्री. पुढे आईवडील विभक्त झाले आणि पाच मुलांचा भार ताराबाईंवर पडला. बाईचे गाणे म्हणजे धनिकांची करमणूक, असे त्या काळी समजले जाई. म्हणून मुलीने या वाटेस जाऊ नये असेच आईला प्रथम वाटे. परंतु मुलीची ओढ पाहून तिचे मन वळले. बंधू सुरेशबाबू व पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंची तालीम झाली.

१९२१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात त्या प्रथमच मोठ्या श्रोतृसमुदायापुढे गायल्या. वय अवघे सोळा! पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. स्त्रीने असे करणे ही त्या वेळी नवलाचीच गोष्ट होती. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, शांतपणे बसून त्या गात. त्यामुळे घरंदाज स्त्रियाही निःशंकपणे श्रोत्यांत येऊन बसू लागल्या.

पुरुषांनी स्त्रीभूमिका कराव्यात अशा त्या दिवसांत हिराबाई व त्यांच्या भगिनी आईच्या नाटक मंडळीतून रंगभूमीवर उभ्या राहिल्या. टीका झाली, मंडळी कर्जापायी बंद पडली. पण हिराबाई खचल्या नाहीत. मैफली करून त्यांनी संसार सावरला.

१९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण हा किताब त्यांना लाभला. १९८९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

मानपत्रे उतारवयात आली. खरा मान त्यांनी त्याआधीच मिळविला होता. बक्षीस एकीलाच मिळते, परंतु चारचौघांत ताठ मानेने गाण्याचा अधिकार हिराबाईंनी आपणा सर्वांसाठी मिळवून ठेवला आहे. ज्या भगिनी अद्याप मागच्या रांगेत बसून गुणगुणतात, त्यांनी पुढच्या कार्यक्रमात अवश्य पुढे यावे.