दीक्षित गुरुजी आणि कृत्तिका

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात मुरूड गावी झाला. ते शाळेत गुरुजी होते. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवू लागले. त्यांना ताऱ्यांचा फार नाद होता.

कृत्तिका म्हणजे चांदण्यांचा झुबका. शतपथ ब्राह्मण या जुन्या ग्रंथात कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवतात असे आहे. पण आता त्या पूर्वेच्या उत्तरेला उगवतात. कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. दीक्षित गुरुजींनी गणित केले. बरोबर पूर्वेला उगवायच्या त्याला सुमारे ५००० वर्षे झाली, असे उत्तर निघाले.

१८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ निघाला. १८९८ साली ते वारले. वय फक्त ४४ होते.

कार्तिकात अंधार पडल्यावर आजोबांनी मला मळ्यात कृत्तिका दाखवल्या. मला सहाच मोजता आल्या. दुर्बिणीतून पुष्कळ दिसतात म्हणे. आमच्या बांधावर बरोबर पूर्वेला बाभूळ आहे. कृत्तिका तिच्या डाव्या अंगाला उगवल्या. म्हणजे त्या सरकल्या, हे मला पण पटलं. तुम्ही पण बघा.

– इयत्ता ४ थी