मातीचा मागोवा घेणारे डॉ. मॅन

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला शिराळा तालुका आहे. सह्याद्रीच्या कुशीतील या प्रदेशात पावसाळ्यात ढग दिवसेंदिवस डोंगरमाथ्यावरून हलत नाहीत. वारणा आणि मोरणा या नद्या दुथडी भरून वाहतात, आणि उतारावरच्या तांबूस मातीत भाताची खाचरे हिरवीगार दिसू लागतात. तेथून पूर्वेकडे निघावे. वाळवा तालुक्यात शिरताच कृष्णाकाठची खोल काळी जमीन लागते. आणखी पुढे आटपाडी आणि जत या बाजूंना गेले, की तीच काळी माती उथळ व मुरमाड होत जाते, आणि पावसासाठी आकाशाकडे डोळे लावून बसलेली बाजरीची शेते दिसतात. चांदोलीपासून जतपर्यंतचे अंतर अवघे दीडशे किलोमीटरांचे. पण जतकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर चांदोलीकडे त्याच्या कितीतरी पट. खाली खडक मात्र सर्वत्र एकच, काळा पाषाण. एकाच आईची ही लेकरे इतकी निरनिराळी कशी झाली?

शेतकऱ्याला या भेदांची ओळख फार पूर्वीपासून होती. काळी, तांबडी, मळीची, बरड, चुनखडीची, चोपण, खारवट अशी नावे त्याने आपल्या जमिनींना दिली होती, आणि कोणत्या मातीत काय पिकेल हे तो मूठभर ढेकूळ चुरडून सांगत असे. इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची जमीन-पाहणी केली, तेव्हा मातीची खोली हातांनी मोजून आणि दोष वजा करून प्रत्येक शेताची आणेवारी ठरविण्यात आली. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची. ही मोजणी सारा आकारण्यापुरती ठीक होती. परंतु जमीन अशी का झाली आणि पुढे तिचे काय होणार, या प्रश्नांचे उत्तर तिच्यात नव्हते. त्यांची उत्तरे शोधण्याचे काम दख्खनमध्ये ज्यांनी नेटाने केले, त्यांत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे नाव अग्रभागी येते.

मॅन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या शहरात 1872 साली झाला. यॉर्क व लीड्स येथे त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही त्यांनी अभ्यास केला. रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. शेतीच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीत ते 1895 मध्ये संशोधन-साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्या संस्थेचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर हे नुकतेच हिंदुस्थानचा दौरा करून परतले होते. येथील शेतकरी अडाणी नसून साधनांच्या अभावी मागे पडला आहे, असे मत व्होल्कर यांनी 1893 च्या आपल्या अहवालात निर्भीडपणे मांडले होते. अशा गुरूच्या हाताखाली मॅन यांची उमेदवारी झाली.

1900 साली चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्याला आले. आसामात चहा कोठे चांगला येतो आणि कोठे येत नाही, याचे कारण त्यांनी मातीत शोधले व चहाच्या जमिनींवर ग्रंथ लिहिला. चहाच्या झुडपाला आम्ल माती मानवते. जी जमीन दुसऱ्या पिकांना नकोशी, ती चहाला हवीशी! जमीन चांगली की वाईट हे पिकावाचून ठरत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला. याच सुमारास त्यांनी रजेच्या काळात इंग्लंडमधील रिजमाँट या लहानशा खेड्यात घरोघरी जाऊन तेथील लोकांच्या मिळकतीची व खर्चाची पाहणी केली. प्रयोगशाळेत रमणारा हा रसायनतज्ज्ञ माणसांचे दारिद्र्यही तितक्याच काटेकोरपणे मोजू पाहत होता. त्याच्या स्वभावाची ही दुसरी बाजू पुढे महाराष्ट्राला फार उपयोगी पडली.

1907 साली पुण्यात स्वतंत्र शेतकी महाविद्यालय सुरू झाले आणि मॅन त्याचे पहिले प्राचार्य झाले. पुण्यास येताच एक गंभीर प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. नीरा नदीचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला होता. बारामतीकडचा हा मुलूख अवर्षणाचा. पाणी आले, उसाचे मळे डोलू लागले, गुऱ्हाळे पेटली आणि कर्जाने वाकलेल्या कुणब्याच्या घरात पैसा खुळखुळू लागला. पण वीस-बावीस वर्षे लोटतात न लोटतात तोच काही शेतांना विचित्र रोग जडला. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. ऊस पिवळा पडून खुरटला. काही ठिकाणी माती इतकी चिकट झाली, की पाणी वर साचे, आत मुरेना, आणि वाळल्यावर ती नांगरालाही दाद देईना. ज्या पाण्याने वैभव आणले, तेच पाणी आता पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली शेते गिळू लागले होते.

मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास हाती घेतला. नुसती माती तपासून अशा रोगाचे निदान होत नाही. वैद्य जसा नाडीबरोबर आहार, हवा आणि राहते घर यांचीही चौकशी करतो, तसेच येथेही करावे लागते. मातीचे नमुने केवळ वरच्या थराचे घेऊन भागत नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट, थेट खालच्या मुरमापर्यंत जावे लागते. नमुना पाण्यात खळखळून ते पाणी गाळून आटविले, की तळाशी क्षार उरतात. त्यांचे वजन करायचे आणि त्यांत मीठ किती, गंधकाम्लाचे क्षार किती, सोडा किती, हे पाहायचे. ही झाली प्रयोगशाळेची बाजू. दुसरी बाजू हवामानाची: पाऊस किती पडतो आणि उन्हाने किती पाणी उडून जाते. तिसरी बाजू भूमीच्या ठेवणीची: शेत चढावर आहे की उतारावर, ओढा किती दूर, विहिरीला पाणी किती हातांवर लागते. या तिन्ही बाजू एकत्र आणल्यावरच चित्र पुरे होते.

ते चित्र असे होते. काळ्या पाषाणाची झीज होताना त्यातून चुना, सोडा इत्यादी द्रव्ये सुटतात. शिराळ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी ही द्रव्ये शतकानुशतके धुऊन जातात, आणि मागे लोहाचे व अ‍ॅल्युमिनियमचे अंश राहून माती तांबडी होते. कमी पावसाच्या प्रदेशात एवढे पाणी खोलवर जातच नाही. म्हणून चुन्याचे खडे आणि क्षार जमिनीच्या पोटातच राहतात. तेथे बनते ती चिकण काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. नीरेच्या खोऱ्यातील क्षार असे जमिनीत निजलेले होते. कालव्याने त्यांना जागे केले. वरच्या बाजूच्या शेतांना भरमसाट पाणी मिळाले. ते मुरमाच्या थरातून झिरपत सखल भागाकडे गेले आणि तेथे साचून पाण्याची पातळी वर आली. दिव्याच्या वातीतून तेल चढते, त्याप्रमाणे काळ्या मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून ते खारे पाणी पृष्ठभागावर चढू लागले. उन्हाने पाणी उडून गेले, खार तेवढा उरला.

नीरा खोऱ्यातील या खारपड जमिनींविषयीची त्यांची पुस्तिका 1910 साली प्रसिद्ध झाली. दोष मातीचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, हा खरा दोष होता. पाणी बेताने द्यावे, चर खोदून साचलेले पाणी ओढ्यात सोडावे, ओढ्यांची पात्रे मोकळी राखावीत, हा उपाय त्यातून निघत होता. उपाय ऐकायला सोपा, करायला अवघड. एकाने पाणी अधिक घ्यावे आणि त्याचे फळ उताराखालच्या दुसऱ्याने भोगावे, अशी तेथील परिस्थिती होती. चर काढायचा तर तो दहा जणांच्या शेतांतून जाणार. मातीच्या प्रश्नातून गावाचा प्रश्न असा उभा राहतो.

मॅन त्या प्रश्नाकडेही वळले. पवना नदीच्या काठी, पुण्याजवळ, पिंपळे सौदागर हे त्या वेळी लहानसे खेडे होते. आज तेथे उंच इमारतींची गर्दी आहे. द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, ताम्हणे इत्यादी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन मॅन यांनी या गावाचा कानाकोपरा तपासला. खडक, माती, विहिरी, ओढे येथून त्यांनी आरंभ केला आणि शेतांचे आकार, पिके, गुरे, कर्ज येथपर्यंत ते पोहोचले. 1917 साली हा अभ्यास ग्रंथरूपाने बाहेर आला. जुन्या कागदपत्रांवरून असे दिसले, की 1771 साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1915 च्या सुमारास अवघी 7 एकर उरली. तीही एका ठिकाणी नव्हे! 156 खातेदारांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतील कित्येक तुकडे पाव एकराहूनही लहान होते. बहुसंख्य कुटुंबांचे पोट शेतीवर भरत नव्हते. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातील मजुरी त्यांना हात देत होती. राज्य सुखी आहे असे सांगणाऱ्या सरकारच्या नोकरीत राहून असे आकडे छापायला धैर्य लागते, हे विसरता येत नाही. पुढे कानिटकरांसह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचीही अशीच पाहणी करून 1921 मध्ये ती प्रसिद्ध केली.

पुण्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांची त्यांनी पाहणी केली आणि तेथील घरांच्या दुरवस्थेवर लेख लिहिले. पुढे ते मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले आणि 1927 साली त्या पदावरून निवृत्त झाले.

त्यांच्या सहवासात तयार झालेल्या माणसांनी काम थांबू दिले नाही. कानिटकरांनी कोरडवाहू शेतीला वाहून घेतले; पावसाचा थेंब मातीत कसा धरून ठेवावा याचे प्रयोग केले आणि 1944 मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सातारा जिल्ह्यात नीरेजवळ पाडेगाव येथे 1932 साली ऊस-संशोधन केंद्र निघाले. तेथे बसू आणि शिरूर या शास्त्रज्ञांनी कालव्यांखालील जमिनींचे खड्डे खोदून एकेक थर तपासला, आणि 1938 मध्ये त्या जमिनींचे वर्गीकरण मांडले. कोणत्या जातीच्या मातीला पाणी किती मानवते, हे आता शेत पाहून सांगता येऊ लागले. तरीही जुनी चूक नव्या ठिकाणी घडायची राहिली नाही. शिराळ्याशेजारच्या वाळवा तालुक्यात आणि मिरजेकडे, कृष्णाकाठच्या सोन्यासारख्या जमिनी, उपसा सिंचनाचे पाणी वारेमाप दिल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खारपड झाल्या. तेथे आता जमिनीखाली सच्छिद्र नळ पुरून पाणी बाहेर काढावे लागते.

मॅन इंग्लंडला परतले ते विश्रांतीसाठी नव्हे. 1928 पासून वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर ते काम पाहू लागले. तेथील माती काळ्या मातीच्या अगदी उलट, रेताड आणि हलकी. वर्षानुवर्षे एकच रासायनिक खत, अमोनियम सल्फेट, दिल्याने ती आम्ल होऊन गहू व बार्ली तग धरीनाशी झाली होती. त्याचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. मधल्या काळात आफ्रिकेतील टांगानिका व न्यासालँड या देशांतील चहाच्या जमिनी पाहून त्यांनी अहवाल लिहिले. दख्खन मात्र त्यांच्या मनातून गेले नाही. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील 1865 ते 1938 या काळातील पावसाच्या नोंदी घेऊन, दुष्काळ नेमका केव्हा व का पडतो, याचा त्यांनी उलगडा केला. वर्षाचा एकूण पाऊस पुरेसा असूनही तो अवेळी पडला तर पीक बुडते, ही गोष्ट शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होती. मॅन यांनी ती आकड्यांच्या कसोटीला लावली. हा ग्रंथ 1955 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशीच्या पुढे होते.

1961 च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे विखुरलेले लेख डॅनियल थॉर्नर यांनी एकत्र केले आणि 1967 साली ते मुंबईत ग्रंथरूपाने छापले गेले. आसामच्या चहामळ्यांपासून पुण्याच्या वस्त्यांपर्यंतचे त्यांचे लेखन त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आले.