पन्नास डॉलरचा फोटो

सण जवळ आले की पोर्टफोलिओवाल्यांची धावपळ सुरू होते. नऊवारी कुणाची आणायची, नथ कुठली, पणत्या किती, फोटोग्राफर फुकटात येणार की पैसे घेणार... हे सगळं ठरतं. शूटनंतर ते फोटो कोण, कुठे, किती वर्षं वापरणार हे मात्र बहुतेक वेळा ठरतच नाही. म्हणूनच आज एका मॉडेलची गोष्ट. जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखतं, पण पहिला फोटो निघाला तेव्हा ती होती नॉर्मा जीन, कारखान्यातली एक कामगार.

१ जून १९२६ ला लॉस एंजेलिसमध्ये तिचा जन्म झाला. आई फिल्म कापण्या-जोडण्याचं काम करायची. पुढे आईला मानसिक आजाराने गाठलं आणि वडील तर आयुष्यात नव्हतेच. पोरीचं बालपण परक्यांच्या घरांत आणि काही काळ अनाथाश्रमात गेलं. सोळा वर्षांची होताच तिचं लग्न लावून दिलं गेलं. दुसरं महायुद्ध सुरू होतं. नवरा बोटीवर गेला आणि ही रेडिओप्लेन नावाच्या कारखान्यात कामाला लागली. युद्धकाळात राबणाऱ्या बायकांचे फोटो काढायला लष्कराचा एक फोटोग्राफर तिथे आला, डेव्हिड कॉनोव्हर. त्याच्या कॅमेऱ्याला ही मुलगी भावली आणि तिलाही कॅमेरा भावला.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये तिने ब्लू बुक या मॉडेल एजन्सीत नाव घातलं. तिथे एमलिन स्नायव्हली या बाईंनी तिला उभं कसं राहायचं, हसायचं कसं इथपासून शिकवलं. तिचे कुरळे तपकिरी केस सरळ आणि सोनेरी झाले तेही याच काळात. पण तिचं वेगळेपण दुसरीकडेच होतं. शूट झालं की ती फोटो मागून घ्यायची आणि चांगले बाजूला ठेवून फसलेल्यांवर नजर रोखायची. हा का बिघडला, हात कुठे चुकला, उजेड कुठून यायला हवा होता, असं फोटोग्राफरला विचारत बसायची. कौतुकापेक्षा चुका गोळा करणारी ही पोरगी भराभर पुढे गेली यात नवल नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंद्रे द दिएन या फोटोग्राफरबरोबर ती गाडीने लांबच्या दौऱ्यावर निघाली. लोक घरी ख्रिसमस साजरा करत होते, ती बर्फात आणि रस्त्यावर पोझ देत होती. दिएनने काढलेला, कोकराला कुशीत घेतलेला तिचा एक फोटो एप्रिल १९४६ मध्ये ‘फॅमिली सर्कल’च्या मुखपृष्ठावर झळकला. कोकरू म्हणजे तिकडे वसंत आणि ईस्टरची खूण. सीझनल फोटोचं गणित इथे कळतं. छापायचा सण एक आणि शूटचे दिवस भलतेच. थंडीत कुडकुडत वसंत दाखवायचा, हेच तर मॉडेलचं काम!

१९४६ च्या ऑगस्टमध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तिला करारावर घेतलं आणि नॉर्मा जीनची मेरिलिन मन्रो झाली. मोठा रोल मात्र लगेच मिळाला नाही. तेव्हाचे स्टुडिओ नव्या नट्यांचे सणासुदीचे फोटो काढून वर्तमानपत्रांना पाठवायचे. पेपरला फुकट फोटो, स्टुडिओला फुकट प्रसिद्धी. मेरिलिननेही असे फोटो दिले. थँक्सगिव्हिंगच्या एका फोटोत ती जुन्या काळचा वेष करून, हातात बंदूक घेऊन टर्कीच्या मागे लागलेली दिसते. आज बघताना हसू येतं, पण नाव लोकांसमोर राहायचं ते असल्या फोटोंमुळेच.

मग आला मे १९४९. हातात काम नाही, पैशांची चणचण. टॉम केली या फोटोग्राफरसाठी तिने कॅलेंडरचं न्यूड शूट केलं. परवानगीच्या कागदावर खोट्या नावाने सही केली आणि ५० डॉलर घेतले. विषय संपला असं वाटलं असेल, पण संपला नाही. १९५२ मध्ये ती स्टार होऊ लागली आणि कॅलेंडरवरची मुलगी कोण हे बाहेर आलं. स्टुडिओवाले हादरले. नाकारून टाक, असा दबाव होता. तिने सरळ कबूल केलं की हो, मीच ती, पैशांची गरज होती. करिअर बुडेल असं वाटत असताना लोक तिच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर १९५३ मध्ये ‘प्लेबॉय’चा पहिला अंक निघाला तोही तिच्याच जोरावर. त्यात त्याच शूटमधला फोटो होता, कॅलेंडर कंपनीकडून विकत घेतलेला. तिच्या वाट्याला आले ते पहिले ५० डॉलरच.

सही केली की फोटो आपला राहत नाही, हा धडा तिने लक्षात ठेवला असावा. १९५५ च्या सुरुवातीला फोटोग्राफर मिल्टन ग्रीनबरोबर तिने स्वतःची निर्मिती कंपनी जाहीर केली आणि फॉक्सशी भांडून नवा करार मिळवला. त्यात दिग्दर्शक कोण असावा यावर तिचा शब्द चालणार होता. त्या काळात एका नटीने असं काही मिळवणं ही लहान गोष्ट नव्हती.

जून १९६२ मध्ये बर्ट स्टर्नने ‘व्होग’साठी तिचे अडीच हजारांच्या आसपास फोटो काढले. निवडीसाठी आलेल्या फोटोंपैकी नको असलेल्यांवर तिने ठळक फुल्या मारल्या. ४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री, वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली. पुढे ते फुली मारलेले फोटोही पुस्तकात छापले गेले, फुल्यांसकट. तिचं ‘नाही’ स्पष्ट दिसत असताना.

तेव्हा यंदाच्या दिवाळी शूटला नथ विसरलात तर एकवेळ चालेल. पण फोटो कुठे जाणार, किती दिवस वापरणार आणि नको असलेले कोण डिलीट करणार, हे कॅमेरा सुरू होण्याआधी लिहून घ्या. आणि कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचा.