जॉन केड

जॉन फ्रेडरिक जोसेफ केड (१८ जानेवारी, १९१२ – १६ नोव्हेंबर, १९८०) हे ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ होते. उन्मादावर लिथियम हे औषध उपयोगी पडते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

केड यांचा जन्म व्हिक्टोरिया राज्यातील मर्टोआ येथे झाला. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात केड १९४२ ते १९४५ या काळात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटकेनंतर ते मेलबर्नजवळील बंडूरा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले.

तेथील वापरात नसलेल्या कोठीत त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात एखादे विषद्रव्य असावे, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकीचा ठरला; परंतु प्रयोगासाठी वापरलेल्या लिथियमच्या क्षारांनी प्राणी शांत होतात, असे त्यांना आढळले. ती शांतता विषबाधेचीच असावी, असे पुढे काही अभ्यासकांनी म्हटले. केड यांनी लिथियम प्रथम स्वतः घेऊन पाहिले आणि मार्च १९४८ मध्ये पाच वर्षे उन्मादाने ग्रासलेल्या एका रुग्णास दिले. तो काही महिन्यांत बरा होऊन घरी गेला. उन्मादाच्या दहा रुग्णांवरील निष्कर्ष सप्टेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

लिथियमची उपकारक आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते आणि केड यांच्याकडे रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय नव्हती. तोच पहिला रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्यानंतर केड यांनी आपल्या रुग्णालयात या औषधाचा वापर थांबवला.

मार्ग सापडला तो मेलबर्नमध्येच. नोआक आणि ट्राउटनर यांनी १९५१ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यात रक्तातील लिथियम मोजण्यावर भर होता. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून नियंत्रित चाचण्या केल्या. अमेरिकेने मात्र या औषधाला १९७० मध्ये मान्यता दिली. पुढे नॉर्ट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यरोधक औषधांची रक्तातील पातळीही मोजली जाऊ लागली.

नैराश्यरोधक औषधांना जोड म्हणूनही लिथियम दिले जाते. आज नाशिकमध्ये ते घेणाऱ्या रुग्णालाही शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी रक्त तपासून घ्यावे लागते. अळणी आहार, उन्हाळ्यातील घाम किंवा जुलाब यांमुळे ही पातळी नेहमीच्याच मात्रेत वाढू शकते.

केड १९५२ ते १९७७ या काळात रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते.